ती नाव, ते नाव

सोसायटीची खोली बर्फाच्या कारखान्याला टेकून.
एकच खिडकी, तिच्यातून सरजेकोटची जेटी.
कीबोर्डच्या फटींत खारं वारं बसलंय,
एंटर कधी लागत नाही, कधी दोनदा लागतं.

हा प्रोग्राम जगन्नाथ मेथरांचा.
डिझेल, मासळीचा काटा, बर्फाच्या लाद्या,
सत्तावीस वर्षं तो चालला.
मग ते डोळे दाखवायला मुलीकडे बेळगावला गेले
आणि त्यांच्या फाइलींची राखण माझ्याकडे आली:
अ१, अ२, नवीन, नवीननवीन,
फायनल, फायनलखरं,
आणि 'तात्पुरती' म्हणून एक, अठ्ठ्याण्णव सालची.
ती उघडली तर आत
अख्खं सरजेकोट.

श्रावणात घोटाळा कळला.
प्रोग्राम होडी शोधायचा नावावरून,
आणि आमच्या बंदरात शांतादुर्गा पाच.
पहिली सापडली की तो थांबायचा.
बाबल खवणेकराचं डिझेल
फटू टिकमाच्या खात्यावर, सलग दोन महिने.
काट्यापाशी दोघे एकमेकांच्या अंगावर गेले,
मग दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं.

मेथरांना फोन लावला.
बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.
"मी लिवलंय तेवा
शांतादुर्गा एकच होती गो."

त्या रात्री बसून सगळं नव्याने लिहिलं.
देवीचं नाव होडीच्या नाळेवर राहू दे,
खात्याला नोंदणीचा नंबर.
फाइलीला असं नाव, की काळोखात हाक मारली
तर एकीनेच वळून बघावं.
तारखेत साल आधी, मग महिना, मग दिवस,
म्हणजे फाइली आपल्या आपण रांगेत उभ्या राहतात,
डिझेलच्या पंपावर माणसं राहत नाहीत तशा.
उघडण्याआधी बघायचं, आहे का जागेवर.
नसेल तर तसं सांगायचं, गप्प बसायचं नाही.
जुन्यावर गिरवायचं नाही:
नव्या जाळ्याची शेवटची गाठ बसेपर्यंत
जुनं कोण कापतं?
आणि उघडलं ते बंद करायचं.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
जेटीवरच्या वहीत गेल्याची वेळ आहे
आणि आल्याचा रकाना कोरा,
अशा रात्री आमच्या वाडीत
कुठल्याच घरचा दिवा मालवत नाही.

राहिली एक नोंद. द्वारका तारी.
होडी दोन वर्षांपूर्वी फोडली,
फळ्या निम्म्या चुलीत, निम्म्या गोठ्याला.
सेक्रेटरी म्हणाले, पुसून टाक, उगाच जागा खाते.
त्या आल्या तेव्हा हातात सुक्या बांगड्यांची पुडी,
स्क्रीनवर कुठे बघायचं ते कळेना,
म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.
"होडी गेली ती गेली.
नाव रवांदे थंयच."

आपल्या भाषेने दोघांना एकच शब्द दिलाय,
ती नाव, ते नाव,
फरक फक्त लिंगाचा.
मेथर त्यात फसले, मीही फसले असते.
पण पाण्यावरची फुटते
आणि वहीतलं तरंगत राहतं,
एवढं मशीनला कुठून कळणार?
ते आपणच लिहून ठेवायचं.

वेगळी फाइल केली, साल आधी घालून:
२०२२_फोडलेल्या_होड्या.
पहिली नोंद, नंबर, मालकीण,
आणि नियम मोडून, नंबरापुढे नाव:
सोनचाफा.
सगळ्या बंदरात त्या नावाची एकच होती.

एंटर दोनदा लागलं.
खाली एक रिकामी ओळ आली.
पुसायला हवी होती, रिकामी नोंद हिशोब बिघडवते.
बाहेर कुणीतरी बर्फ फोडत होतं.
मी फाइल बंद केली
ती तशीच.